दूधवाल्याचा डबा

दूधवाल्याचा डबा बंद पडला की मला तरतरी येते. चेहरा मात्र मी काळजीचाच ठेवतो. ‘बघायला हवं’ एवढंच पुटपुटतो, मल्टीमीटर उचलतो आणि तळघरात उतरतो. अशा वेळी जिन्यावर माझी पावलं जरा जास्तच वाजतात, असं हिचं म्हणणं आहे.

लायोनेल कंपनीने हा डबा १९४७ साली काढला. आहे खेळण्यातल्या आगगाडीचा, पण कामाला चोख. बटण दाबलं की दार फटकन उघडतं, पांढऱ्या कपड्यांतला बोटभर माणूस दुधाचा कॅन पत्र्याच्या फलाटावर ढकलतो आणि दार मिटतं. कंपनीचा तेव्हाचा कारखाना आमच्या न्यू जर्सीतलाच, एडिसनच्या आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. म्हणून या दूधवाल्याला मी गाववाला मानतो. पूर्ण नाव ‘ऑटोमॅटिक मिल्क कार’. कॅन बाहेर पडतात ते ऑटोमॅटिक. आत घालायचे तर छपरावरचं झाकण उघडून एकेक कॅन हाताने सोडावा लागतो, आणि आमच्याकडे तो हात हिचा असतो.

गणपतीत दर्शनाला आलेल्या मंडळींच्या हातावर मोदक पडला की मी त्यांना तळघराकडे वळवतो. वर आरती, खाली माझं प्रवचन. रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे. स्टील वूल चुकूनही वापरायची नाही, तिचे तंतू चुंबकांना जाऊन चिकटतात. प्लंजरला तेल घालायचं नाही, तेलावर धूळ बसते आणि तो अडकतो. बटण दाबून लगेच सोडायचं, धरून ठेवलं तर कॉइल तापून जळते. ‘पंचाहत्तर वर्षांहून जुनं यंत्र आहे हे,’ असं सांगताना माझा सूर असा लागतो की कारखान्यात ते मीच जोडलं असावं. मग डबा आपलं काम क्षणात उरकतो. तोवर घशाला कोरड पडलेली असते. माझ्या नव्हे, ऐकणाऱ्यांच्या.

विषय दुधाचा निघालाच आहे, तर गुरांच्या डब्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हा १९४९चा. सोबत एक छोटा कोंडवाडा येतो. गायींच्या पायांखाली रबराची बारीक बोटं असतात. कोंडवाड्याच्या तळाशी असलेल्या कॉइलला एसी करंट मिळाला की जमीन थरथरते आणि त्या बोटांवर गायी सरकत सरकत एका दाराने डब्यात शिरतात, दुसऱ्या दाराने बाहेर येतात. निदान कागदावर तरी. व्होल्टेज कमी पडलं तर ढिम्म हलत नाहीत, जास्त झालं तर अंगात येऊन घुमतात आणि आडव्या होतात. माझ्या सगळ्याच गायी काळ्या. म्हणून एकीच्या कपाळाला हिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिचं नाव कपिला ठेवलं. कपिला शहाण्यासारखी दारापर्यंत जाते आणि तिथे तोंड फिरवून मागच्या गायींकडे बघत उभी राहते. दादरला दारातच उभं राहून ‘पुढे सरका’ म्हणणारा गडी असतो ना, तसा तिचा आविर्भाव असतो. मागून कळप रेटतो, कपिला हलत नाही. तिच्या एका बाजूचं रबर कडक झालंय, एवढंच कारण. नवी बोटं बसवता येतात. मी बसवलेली नाहीत.

परवा आमचा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला आला, मागचं पॅनेल काढलं आणि म्हणाला, ‘बोर्ड गेला.’ ‘बोर्डमधलं काय गेलं?’ मी विचारलं. ‘बोर्ड,’ तो म्हणाला. जन्मभर इंजिनिअर म्हणवून घेतलेला माणूस आपल्याच स्वयंपाकघरात टॉर्च धरून उभा होता. मोटारीचं बॉनेट उघडावं तर आत आणखी एक प्लॅस्टिकचं झाकण. फोन मुलगा लावून देतो, पासवर्डही त्यालाच ठाऊक. या वस्तू चांगल्या आहेत, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात आणि जातात तेव्हा थेट कचऱ्यात जातात. मधल्या काळात त्यांना माझी गरज नसते. राग येतो तो याचा. घरात मी उघडावं आणि मीच पुन्हा मिटवावं, असं आता फारसं काही उरलेलं नाही. दूधवाल्याला स्क्रू आहेत. त्याचं दुखणं डोळ्यांना दिसतं: तुटलेली वायर, काळवंडलेला कॉन्टॅक्ट, आत तिरका बसलेला कॅन.

या हिवाळ्यात मात्र दूधवाला घात केल्यासारखा सुरळीत चालत राहिला. रिकामपणी मी हिचे मसाल्याचे डबे इंग्रजी वर्णानुक्रमाने लावले आणि झाकणांवर लेबलं चिकटवली. हळद ‘टर्मरिक’ म्हणून तळाच्या फळीवर गेली, जिरं ‘क्युमिन’ म्हणून वरच्या फळीवर, हिचा हात पोचणार नाही इतक्या उंच. ही काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी खालून हाक आली, ‘अहो, दूधवाला अडकलाय वाटतं!’

मी धावलो. डबा उघडला तर आत एक कॅन उलटा, तळ वर करून बसलेला. इतकी वर्षं कॅन हीच भरते आहे. तिच्या हातून एकही कधी उलटा पडलेला नाही. सगळं नीट जुळवून वर आलो, तर हळद-जिरं पूर्वीच्या जागी होतं आणि झाकणांवरची लेबलं धुऊन टाकलेली होती.

‘सापडला का बिघाड?’ हिने विचारलं.

‘सापडला,’ मी म्हणालो. ‘पण उद्या पुन्हा एकदा उघडून बघावं लागेल.’