जादा कामाची वसुली कशी करावी

कार्यालयातले कागद घरी न्यायचे तर नुसतं धाडस पुरत नाही, मन स्वच्छ लागतं. आणि मन स्वच्छ राहायचं तर आधी थोडं जादा काम अंगावर घ्यावं लागतं. नवीन लागलेल्यांना हे कुणी शिकवत नाही.

उत्तम मोसम विधिमंडळाच्या अधिवेशनाचा. संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले, डबा पिशवीत गेलेला, आणि तेवढ्यात तारांकित प्रश्न येऊन थडकतो. साहेब म्हणतात, “जरा थांबाल ना? आपलंच काम आहे.” इथे बरेचजण घसरतात आणि आनंदाने थांबतात. आनंदाने केलेल्या कामाची वसुली होत नाही! याम, क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ साली हेच मांडलं: कर्तव्यापलीकडचं काम बाहेरच्या दबावाने करावं लागलं, की आपलं काहीतरी येणं आहे असं माणसाला वाटू लागतं आणि मग तो नियम मोडायला मोकळा होतो. तेव्हा तोंडाने “हो साहेब” म्हणावं, पण सुस्कारा शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा सोडावा.

आवक-जावकच्या बाई कुणी न सांगता थांबतात, वर सगळ्यांना चहा पाजतात. त्यांच्याजवळ बसू नये, आपला भाव पडतो.

हिशोब मनातच ठेवावा. कागदावर मांडला की जुळवावा लागतो. साडेनऊपर्यंतच्या एका रात्रीत दोन दुपारी सहज बसतात. हालचाल नोंदवहीत ठिकाण ‘मंत्रालय’, कारण ‘कार्यालयीन’, परतीची वेळ कोरी. खुर्चीच्या पाठीला रुमाल, टेबलावर उघडी फाइल, तीवर चष्म्याचं रिकामं घर. चष्मा आपल्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे. कागदांचं म्हणाल तर पाचशेचा अख्खा रीम उचलणं ही चोरी झाली. फोडलेल्या रीममधले दीडशे कागद हे मानधन.

कुणी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ दाखवेल. त्यात सचोटीही मागितली आहे आणि कर्तव्यपरायणताही. कर्तव्यपरायणता आपण अधिवेशनात दाखवलेली असते. सगळं एकट्यानेच करायचं का? शिवाय मोनँ आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांच्या २००१च्या प्रयोगांत, आपण पूर्वग्रहदूषित नाही हे आधी दाखवायला मिळालेली माणसं नंतर पूर्वग्रहाचं मत द्यायला कमी कचरली. चांगुलपणा आगाऊ जमा करून ठेवण्याचे फायदे असे आहेत.

धोका एकाच प्रकारच्या साहेबाचा. तो विचारतो, “थांबता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल.” आणि नाही म्हटल्यावर त्याला खरंच चालतं, गोपनीय अहवालातही काही उमटत नाही. असा साहेब आला की सगळा धंदा बसतो. पिनांचं पाकीटसुद्धा पदरच्या पैशाने आणावं लागतं.