टोचण्यापूर्वी वाचावे

लाकडातला आणि भिंतीतला ओलावा मोजणारे मॉइश्चर मीटर तुमच्या हाती आले आहे. हजार-बाराशेत मिळाले असेल, तर त्याच्या डोक्यावर दोन टोकदार सुया असतील. बरेच महाग असेल, तर सुया नसतील. पाठीला चपटी पट्टी असेल आणि यंत्र नुसते टेकवायचे असेल. सोबतच्या पुस्तिकेत मराठी नाही. मराठी माणूस पुस्तिका वाचत नाही, हे कारखानदाराला कोणीतरी कळवले असावे. म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली पायरी: घरातल्या घरात

यंत्र सुरू करून सुया तळहातावर दाबाव्यात. असे करा म्हणून कोणी सांगत नाही, पण प्रत्येक जण करतो. आकडा भरमसाट येईल आणि यंत्र किंचाळेल. मग मंडळी जमतील. आजोबांचा अंगठा, कणकेचा गोळा, तुळशीची कुंडी, देवघराचा चौरंग असे सगळे टोचून होईल. हा अर्धा तास वाया गेला असे समजू नये. कणीक आणि आजोबा यांच्यात यंत्र फारसा भेदभाव करत नाही, हे एवढ्यात ध्यानात येते, आणि तोच या विषयाचा पाया आहे. यंत्र पाणी मोजतच नाही. एका सुईकडून दुसरीकडे वीज किती सहज जाते एवढेच ते पाहते आणि त्यावरून पाण्याचा तर्क करते. सुया नसलेला प्रकार विजेचे क्षेत्र आत पसरवून तसाच तर्क करतो. भोके पडत नाहीत एवढाच त्याचा चांगुलपणा, पण आत लोखंडी सळई किंवा पाइप असेल तर तोही बिथरतो.

लाकडाच्या बाबतीत हा तर्क बराच बरोबर येतो. साधारण ७ टक्क्यांपासून २५-३० टक्क्यांपर्यंत लाकडाचा विजेला होणारा विरोध प्रचंड प्रमाणात बदलतो. तिशीच्या आसपास पेशींच्या भिंती पाणी पिऊन भरतात, पुढचे पाणी पेशींच्या पोकळीत साठते आणि तिथून यंत्राचा भरवसा संपतो. त्यामुळे पडद्यावर ४४ दिसले तर ‘ओले आहे’ एवढेच म्हणावे, ‘४४ टक्के’ असे चारचौघांत सांगत सुटू नये.

आणि हे टक्के कशाचे, असे कोणी विचारलेच तर उत्तर तयार असावे: पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाचे. प्रयोगशाळेत तुकडा तोलतात, १०३ अंशांच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवतात आणि पुन्हा तोलतात. या हिशेबाने ताज्या तोडलेल्या हलक्या लाकडात शंभराहून जास्त टक्के पाणी निघू शकते. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत टाकून पाहावे. शेजारचा माणूस जागा बदलतो.

दुसरी पायरी: वखारीत

पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात, मुंबईत रे रोडला किंवा आपल्या गावच्या वखारीत यंत्र खिशात घालून जावे. ते बाहेर काढण्याचा मुहूर्त महत्त्वाचा. आधी भाव निघू द्यावा, ‘माल एकदम सुका आहे, साहेब’ हे वाक्य येऊ द्यावे, आणि मगच काढावे.

फळीच्या टोकाशी टोचू नये. टोकाकडून पाणी सगळ्यांत आधी उडते, तेव्हा तिथला आकडा नेहमी दुकानदाराच्या बाजूने बोलतो. दर्शनी अंगावरही जाऊ नये. लहान सुया पाच-सात मिलिमीटर आत शिरतात, आणि दोन इंची सागवानाचे अंग वाळलेले व पोट ओले असणे ही रोजची गोष्ट आहे. उलट आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली असेल, तर वरचा पातळ ओलसर थरच आकडा फुगवतो. खरे पाहायचे तर टोकापासून हातभर आत फळी आडवी कापायला लावावी आणि ताज्या कापाच्या मधोमध टोचावे. ‘कापली तर घ्यावी लागेल’ असे उत्तर येईल. तीच आपल्या शास्त्रीय वृत्तीची किंमत.

आता बारीक अक्षरातला मजकूर. यंत्राचे गणित कोणत्या तरी एका झाडावर बसवलेले असते. अमेरिकेत हा मान डग्लस फरला मिळाला, आणि आपल्या सागाला त्याची काही कल्पना नाही. सागासाठी, शिसवीसाठी, आंब्याच्या फळीसाठी वेगळी दुरुस्ती लागते. बऱ्या यंत्रात झाडांचे गट निवडण्याची सोय असते, स्वस्तात एकच गट सर्वांना लावलेला असतो. शिवाय गरम लाकूड असते त्याहून ओले दिसते. यंत्राचा हिशेब साधारण २० अंशांवर बेतलेला, आणि मे महिन्यात उन्हात पडलेली फळी चाळिशीत. एवढ्यावर आकड्यात एक-दोन टक्क्यांची भर सहज पडते. प्लायवुडमधला डिंक आणि वाळवीसाठी मारलेली क्षारांची औषधेही विजेला वाट देतात. हे सारे दुकानदाराला ठाऊक नसते, म्हणून तो गप्प बसतो. तुम्हाला आता ठाऊक झाले आहे, म्हणून तुम्हीही थोडे गप्प बसावे.

तिसरी पायरी: आकडा आला, पुढे काय

समजा १४ आला. चांगला की वाईट? त्या फळीचे दार कुठे लागणार आहे यावर ते ठरते. लाकूड कधीच कायमचे सुकत नाही. भोवतालच्या हवेशी त्याची देवघेव चालूच राहते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड साधारण १२ वर स्थिरावते, आर्द्रता ९० वर गेली की विशीकडे सरकते. बल्लारपूरच्या आगारात चंद्रपूर-गडचिरोलीचा साग येतो. तिथल्या मे महिन्यात पातळ फळी ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. तीच रत्नागिरीत जुलैभर पडवीत ठेवली तर १८ कडे चालू लागते. म्हणूनच इमारती लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारे भारतीय मानक २८७ देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग करते आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा देते. नवशिक्याने मात्र एकच आकडा पाठ केलेला असतो, बहुधा १२, आणि तो खारेपाटणपासून खामगावपर्यंत सगळीकडे लावतो.

याचे परिणाम दाराला भोगावे लागतात. सागवान या बाबतीत सज्जन लाकूड आहे, तरी सहा इंच रुंदीची, आडव्या काढणीची फळी १० टक्क्यांवरून १६ वर गेली तर पावणेदोन-दोन मिलिमीटर रुंदावते. अशा सहा फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेले दार सेंटिमीटरभर फुगते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदल नाही, म्हणून दार उंबऱ्याला नव्हे, चौकटीला बाजूने घासते. जुन्या पद्धतीत तावदानाची फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवत, खिळा मारत नसत, डिंकही लावत नसत. फुगायला जागा ठेवत. ज्यांनी हे ठरवले त्यांच्याकडे यंत्र नव्हते.

इथे मेस्त्रींशी बोलणे होईल. ते साधारण असे होते:

‘मेस्त्री, अठरा दाखवतंय.’

‘कोण?’

‘हे.’

‘बरं.’

एवढे झाल्यावर मेस्त्री फळीवर बोटाची गाठ वाजवतील, ती उचलून तोलतील आणि बाजूला ठेवून देतील. नंतर घरातच, सावलीत, मध्ये पट्ट्या टाकून, वारा खेळेल अशी थप्पी लावून काही आठवडे ठेवायला सांगतील. यंत्राचा खरा उपयोग आता सुरू होतो. दर आठवड्याला त्याच फळीवर, त्याच जागी खूण करून टोचावे. आकडा खाली येत येत थांबला की लाकूड तुमच्या घराशी जुळले. तो १३ वर थांबला की १५ वर, याला फारसे महत्त्व नाही.

एक इशारा: जुलैत दार घासते म्हणून रंधा मारून घेऊ नये. जानेवारीत तेच दार आकसते, फट पडते, आणि फटीतून शेजाऱ्यांना तुमचे टीव्हीवरचे कार्यक्रम कळतात.

चौथी पायरी: भिंत

बहुतेकांनी यंत्र घेतलेले असते ते याचसाठी, आणि याच ठिकाणी ते सर्वांत जास्त थापा मारते. यंत्रावर लाकूड आणि बांधकाम असे दोन पर्याय असतात. नवशिक्या घाईत लाकडाच्या पर्यायावरच भिंत टोचतो, ३८ वाचतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘भिंतीत ३८ टक्के पाणी!!’ असे टाकतो. विटेच्या किंवा गिलाव्याच्या भिंतीत तेवढे पाणी असते तर प्रश्न ओलीचा नसून पोहण्याचा झाला असता. भिंतीवरचा आकडा टक्के म्हणून वाचायचाच नाही. फक्त तुलना करायची.

ती अशी. घरातली हमखास कोरडी भिंत शोधावी, दोन खोल्यांमधली, जिच्या आत नळ नाही. तिचा आकडा हा आपला शून्य. मग संशयित भिंतीवर पेन्सिलीने फूट-फूट अंतरावर ठिपके काढून प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहावा. रांगोळीचे ठिपके काढणाऱ्यांना हे काम चटकन जमते. आकडे जमिनीलगत मोठे आणि कमरेच्या वर लहान होत गेले, तर ओल खालून चढते आहे. छताच्या एका कोपऱ्याभोवती वर्तुळासारखे वाढत गेले, तर वर पाहावे. बाहेरच्या भिंतीचा आकडा प्रत्येक मोठ्या सरीनंतर उडी मारत असेल, तर बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे. आणि पृष्ठभागावर आकडा मोठा, पण छोटे भोक पाडल्यावर निघणारी भुकटी कोरडी, तर बंद खोलीतल्या हवेचे पाणी थंड भिंतीवर धरते आहे. खिडकी उघडावी, ती फुकट असते.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी चीज म्हणजे मीठ. खाडीची रेती वापरलेल्या, पोपडे सुटलेल्या, पांढरी बुकी फुटलेल्या भिंतीत क्षार असतात. क्षार विजेला राजमार्ग देतात, शिवाय पावसाळी हवेतून पाणीही ओढून घेतात. गळती बंद होऊन वर्ष झाले तरी अशी भिंत यंत्राला ओलीच वाटते. वॉटरप्रूफिंग करून देणारा माणूस नेमक्या याच भिंतीला यंत्र लावतो, ते चीत्कारते, आणि तो पावतीपुस्तक काढतो. अशा वेळी त्याच्याच यंत्राने तुमची कोरडी भिंत टोचायला सांगावी. नंतर चहा विचारावा, तो बहुधा घाईत असतो.

वरच्या मजल्यावर संशय असेल, तर यंत्र घेऊन थेट वर जाऊ नये. आधी आपल्या छताचे आकडे तारखेसह लिहावेत. मग वरच्यांना विनंती करावी, की नहाणीची जाळी बुजवून चोवीस तास पाणी साठवून ठेवा. नंतर तेच ठिपके पुन्हा टोचावेत. फरक पडला तर कागद बोलतो. फरक पडला नाही तर वरच्यांची माफी मागण्याची वेळ येते, आणि ती कशी मागावी हे या मार्गदर्शनाच्या कक्षेत बसत नाही.

काँक्रीटच्या जमिनीवर लाकडी फरशी घालणार असाल तर सुया विसराव्यात. जाड प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा, सकाळी खाली दव दिसले तर थांबावे. याहून कडक परीक्षा हवी असेल तर कार्बाइडची: काँक्रीटची भुकटी आणि कॅल्शियम कार्बाइड बंद बाटलीत हलवतात, पाण्याशी संयोग होऊन अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओलावा कळतो. आंबे पिकवायला ज्यावर बंदी आहे तेच हे कार्बाइड. इथे मात्र त्याला चांगले काम मिळाले आहे.

निगा व तक्रारनिवारण

यंत्र काहीच दाखवत नाही: एकतर लाकूड फारच सुके आहे किंवा बॅटरी संपली आहे. सुयांची टोपी पुष्कळदा तपासणीसाठीही असते. त्यावर सुया टेकवून ठरलेला आकडा येतो का पाहावे.

यंत्र सगळीकडे सारखाच मोठा आकडा दाखवते: भिंतीला चकाकीचा, धातूचा पापुद्रा असलेला वॉलपेपर आहे का पाहावे.

नातेवाईक शेतकरी यंत्राला हसतो: हसू द्यावे. सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या मर्यादेपायी ट्रॉली परत फिरलेली त्याने पाहिली आहे. २०२४ च्या खरिपात ती मर्यादा १५ केली गेली, तेव्हा आकडा निसर्ग ठरवतो की आदेश, याबद्दल त्याचे मत तुमच्याहून पक्के आहे.

वरच्या मजल्यावरचे काका यंत्र उसने मागतात: द्यावे. त्यांच्या छतावर गच्ची आहे.