लिनक्सवर चालतो का?

आमच्या सोसायटीत पाच-सहा काका आहेत. एक पाणीकाका, एक पार्किंगकाका, दोन नुसतेच काका आणि एक पेंग्विनकाका. शेवटचं नाव मुलांनी ठेवलं. लोकांच्या गाडीवर जिथे ‘आईचा आशीर्वाद’ असतो, तिथे काकांच्या स्कूटरवर एक ढेरपोट्या पेंग्विन बसलेला आहे. तो लिनक्सचा पेंग्विन. काकांकडे गणपती दीड दिवसाचा असतो, पेंग्विन बारमाही.

काका मूळचे एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातले. नव्वदच्या दशकात बँकेत युनिक्स आलं, काका त्याच्यासमोर बसले आणि मनानं तिथून अजून उठलेले नाहीत. निवृत्त होताना बँक घड्याळ देत होती. यांनी भंगारात निघालेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मागून घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी, म्हणजे पुण्यात बोलणंसुद्धा गुन्हा असतो त्या वेळात, त्यांच्या घरातून ‘चर्रर्र, चर्रर्र’ असा आवाज येतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजी कूस बदलत म्हणतात, “निघाला यांचा जमाखर्च.”

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणार. तो ‘विंडोज’ हा शब्द घरभेद्या भाऊबंदाचं नाव घ्यावं तसा उच्चारतो. कुठलीही वस्तू, टीव्ही म्हणू नका, घड्याळ म्हणू नका, घ्यायची म्हटली की त्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. “लिनक्सवर चालतो का?” हा असतो. आमच्या काकांनी एकदा मिक्सरच्या दुकानातही तो विचारला होता, अशी बातमी आहे. काकू ती नाकारत नाहीत.

माझा त्यांच्याशी जवळून संबंध आला तो प्रिंटरपायी. मुलगी सातवीत आहे. सातवीचा अभ्यास हल्ली प्रिंटरला असतो. रात्री साडेनऊला मुलगी सांगते, “बाबा, उद्या ज्वालामुखी न्यायचाय,” आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नऊलाच शटर ओढून गेलेला असतो. घरी प्रिंटर होता. दिवाळीच्या योजनेत लॅपटॉपच्या पाठीवर बसून आलेला इंकजेट. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचे वकील चांगले आहेत म्हणतात. महिन्यातून एकदा छापायला जावं तर शाई वाळलेली. मग तो स्वतःची नाकं साफ करायचा आणि त्या सफाईत उरलेली शाई पिऊन टाकायचा. काडतुसांची नवी जोडी घ्यायला गेलो तर तिच्या पैशांत जवळजवळ नवा प्रिंटरच आला असता. त्यातच लॅपटॉप म्हातारा झाला. काकांनी “विंडोज काढा, दहा वर्षं जगेल” म्हणून त्यावर लिनक्स घातलं. लॅपटॉप खरोखर तरतरीत झाला. प्रिंटरनं मात्र त्याच दिवसापासून अबोला धरला.

काका तपासायला आले. चहा नको म्हणाले. हातात साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी, तिच्यात त्यांचा विटेएवढा जाड लॅपटॉप, दोन केबली, पेनड्राइव्ह आणि बारीक अक्षरात आज्ञा लिहिलेली शंभर पानी वही. प्रिंटरचं मॉडेल बघितलं, वहीत बघितलं, चष्मा काढला.

“पेपरवेट.”

मला वाटलं, शिवी आहे. पण ती सरकारी थाटाची श्रेणी निघाली. लिनक्सवर कुठला प्रिंटर कितपत चालतो, याची एक यादी स्वयंसेवकांनी बनवली होती. तिच्यात चार पायऱ्या: पर्फेक्टली, मोस्टली, पार्शली आणि शेवटची पेपरवेट. म्हणजे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला उपयोगी. माझा प्रिंटर निदान एका कामाचा ठरला.

“याला अक्षरओळखच नाही हो,” काका म्हणाले. “शहाणा प्रिंटर असतो ना, त्याला भाषा येते. पोस्टस्क्रिप्ट म्हणा, पीसीएल म्हणा. तुम्ही सांगायचं, इथे ‘क’ काढ, तो काढतो. याची सगळी अक्कल विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर गेला की हा नुसता डबा. काही तर असे असतात, की बटण बंद केलं की स्वतःचं फर्मवेअरसुद्धा विसरतात. रोज सकाळी कॉम्प्युटरनं त्यांना सांगायचं, बाबा रे, तू प्रिंटर आहेस.”

इथवर तांत्रिक पूर्वरंग झाला. मग काकांनी मांडी बदलली. काकू नंतर मला म्हणाल्या, की मांडी बदलली तेव्हाच तुम्ही चहा पुढे करायला हवा होता. आता कथा लागणार होती.

“1980 च्या सुमाराची गोष्ट. अमेरिका. एमआयटीची एआय लॅब. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा पोरगा. लॅबच्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. यानं काय करावं? प्रोग्राम बदलला. कागद अडकला, की जे जे छपाईची वाट बघतायत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप: उठा, जा, मोकळा करा. कागद अडकणं थांबलं नाही, ताटकळणं थांबलं. मग झेरॉक्स कंपनीनं नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तोही अडकायचा. पण त्याचा सोर्स कोड दिला नाही! स्टॉलमनला कळलं, कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे आहे. गेला तिथे. तो म्हणाला, देणार नाही, मी वचन दिलंय.” काका थांबले. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण जागा करून ठेवली होती. “संपलं. 1983 मध्ये त्यानं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. ही मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ, अहो, एका अडकलेल्या कागदातून निघाली!”

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर आठवड्याला कागद अडकतो. त्यातून फार तर पाण्याची टाकी धुण्याची नोटीस एक दिवस उशिरा निघते. असो.

ऑफिसवरून आठवलं. तिथला प्रिंटर काकांच्याच देखरेखीखाली आहे. एकदा तो ठप्प झाला तेव्हा काका लॅपटॉपवरचे संदेश मोठ्यानं वाचत होते आणि एका ओळीवर येऊन म्हणाले, “ऑन फायर.” दारातला वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आला. आग नव्हती. प्रिंटर नीट काही सांगेना, की ‘पेटला असावा’ असं कळवायची युनिक्सवाल्यांची जुनी खोड आहे आणि ती लिनक्सच्या गाभ्यात आजही जपून ठेवली आहे. वॉचमनला हा विनोद समजावण्यात काकांचा पाऊण तास गेला. वॉचमन हसला नाही. बादली मात्र तेव्हापासून प्रिंटरशेजारीच ठेवतो.

काकांचं दुसरं दैवत म्हणजे कप्स. लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार बघणारी ही व्यवस्था मायकेल स्वीट या गृहस्थांनी लिहिली, ती 1999 मध्ये बाहेर आली. चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा चंदेरी मॅक काखेत मारून लिफ्टमध्ये शिरला, की काका विचारतात, “काय, छपाई ठीक?” कारण मॅकमध्येसुद्धा 2002 पासून छापण्याचं काम कप्सच करतं. पुढे 2007 मध्ये ॲपलनं स्वीटना नोकरीवर घेतलं आणि कोडही विकत घेतला, ही गोष्ट काका तळमजला येईपर्यंत सांगत नाहीत. कप्सचं दार 631 क्रमांकाचं. काकांच्या सुटकेसच्या कुलपाला तीन आकडे आहेत आणि ते कोणते, हे सोसायटीतल्या पोरापोरांना ठाऊक आहे.

शेवटी नवा प्रिंटर घ्यायचं ठरलं. काका म्हणाले, “शाईचा नको. तुमचं छापणं अमावास्या-पौर्णिमेचं, शाई वाळणार. लेझर घ्या, काळा-पांढरा. टोनर म्हणजे भुकटी, ती वाळेल कशी?”

“आणि ज्वालामुखी?”

“रंगीत खडूनं रंगवायचा. आम्ही काय केलं?”

नावं काढली, तर प्रत्येकाची कुंडली तयार. एचपीचा एचपीलिप हा संच चांगला, वर्षानुवर्षं सांभाळलेला, पण काही मॉडेलं वर आणखी एक बंद प्लगिन मागतात. “ओटी उघडी, माजघराला कुलूप,” काकांचा शेरा. ब्रदरच्या साध्या लेझरांसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे, म्हणून त्या नावावर काकांचा आवाज मऊ होतो. मग घसा साफ करून ते म्हणाले, “तसं हल्ली एवढं बघायची गरज नाही म्हणतात. खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असलं म्हणजे झालं.”

हे वाक्य त्यांना जड गेलं, आणि त्याला कारण आहे. 2010 मध्ये ॲपलनं एअरप्रिंट आणलं. आयफोनमध्ये कोण ड्रायव्हर भरत बसणार? म्हणून प्रिंटरनंच वायफायवर आपली ओळख सांगायची: मी अमुक, माझ्यात ए-फोर कागद आहे, मला दोन्ही बाजूंनी छापता येतं. आयफोनचं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कंपन्यांनी मुकाट्यानं ही भाषा प्रिंटरांना शिकवली. ती भाषा म्हणजे आयपीपी, आणि कप्स तर जन्मापासून तीच बोलत होतं. त्यामुळे फोनसाठी केलेल्या सोयीत लिनक्सवाल्यांचं घर आपोआप उजळलं. वीस-पंचवीस वर्षं ज्या दारावर हे लोक धडका देत होते, ते दुसऱ्याच कुणासाठी उघडलं आणि हे त्यातून आत आले. आनंद तर झाला, पण सांगायचा कुणाला!

टिळक रोडवरच्या दुकानात आम्ही शनिवारी गेलो. काउंटरवर विशीतला मुलगा.

“विंडोज टेन, इलेव्हन, सगळ्यावर चालतो काका.”

“लिनक्सवर?”

“चालेल की. वेगळी केबल घ्यावी लागेल.”

काकांनी डोळे मिटले. मग पिशवी काउंटरवर ठेवली. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय घेऊ नये, हा पुणेरी नियम ते प्रिंटरलाही लावतात. “डेमोचा जोडा. मी पान काढून बघणार. पानाचे पैसे देईन.” मागे चार गिऱ्हाइकं उभी. लॅपटॉप सुरू झाला, डेमोचा प्रिंटर यादीत दिसला आणि काकांनी आपलं खास चाचणीपान सोडलं. त्यावर मोठ्या टाइपात एकाखाली एक शब्द: कुऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, तऱ्हेवाईक.

“ज्याला ‘ऱ्हा’ काढता येत नाही,” काका दुकानाला उद्देशून म्हणाले, “तो महाराष्ट्रात काय कामाचा?”

“काका, ते प्रिंटरवर नसतं,” मुलगा म्हणाला. “फॉन्टवर असतं.”

दुकान शांत झालं. मी काकांकडे बघायचं टाळलं. काकांनी मुलाकडे नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि खिशातून जास्तीचा पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातात ठेवला. “घरी जाऊन यावरून मशीन सुरू कर. काही बिघडणार नाही. आवडलं तर ये.” वर स्वतःचा फोन नंबर दिला. कुऱ्हाड उत्तम छापली गेली होती.

घरी आलो. जोडणीसाठी काका रीतसर तयारीनं आले होते: वही, केबली, आणि काकूंनी दिलेला डबा. रात्र होणार, हे काकूंना अनुभवानं माहीत. मुलीनं प्रिंटरची पट्टी सोलली, वायफायचा पासवर्ड घातला आणि लॅपटॉपवर ‘प्रिंट’ दाबलं. यादीत प्रिंटरचं नाव आधीच येऊन बसलं होतं. ज्वालामुखीची बाह्यरेषा सरसर बाहेर आली. खडूनं रंगवायला.

काकांचं वहीचं पान अजून उलटायचं होतं.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं.”

“ड्रायव्हर?”

“लागला नाही, आजोबा,” मुलगी म्हणाली. तिच्यासाठी ते काका नाहीत, हेही त्यांना त्याच संध्याकाळी कळलं.

दोन मिनिटं ते प्रिंटरकडे बघत बसले. मग उगाच दोन्ही बाजूंनी छापून बघितलं. छापलं. रांगेत दहा कामं टाकून ती रद्द करून बघितली. रद्द झाली. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट बघितली तो उजाडला आणि यांना बसायला खुर्ची ठेवायची विसरला. डबा न उघडता परत गेला, हे काकूंनी दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला सांगितलं.

त्यानंतर काका जिन्यात भेटले, की “प्रिंटर काय म्हणतो?” असं आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारायचे. मी “मस्त” म्हणायचो आणि त्यांचा चेहरा पडायचा. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, “स्कॅनर चालतो का?” स्कॅनरला आम्ही हातही लावला नव्हता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “जरा अडकतोय, काका.”

चार मिनिटांत पिशवी घेऊन आले. चहा नको म्हणाले. आधार कार्ड काचेवर ठेवलं, बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात स्कॅन झालं.

काकांनी झाकण उघडलं, खिशातला रुमाल काढला, काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली आणि झाकण लावलं.

“काच खराब होती,” ते म्हणाले.