गाडीची उत्तरपूजा

नवी गाडी घेतली की आधी आईला दाखवायची, ही आमच्याकडची रीत. सोलापूर, लातूर, बार्शी, थेट कलबुर्गीकडूनसुद्धा माणसं सीटवरचं प्लास्टिक न काढता तुळजापूर गाठतात. महाद्वाराच्या जवळपास पोलीसदादा जिथं उभी राहू देतील तिथं गाडी उभी राहते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला कवड्यांची माळ, चार चाकांखाली चार लिंबं. नारळ फुटतो, ‘आई राजा उदो उदो’ होतं, लिंबं चिरडत गाडी वीतभर पुढं सरकते आणि घरातलं धाकटं पोर ‘मीच पुढं बसणार’ म्हणून भोकाड पसरतं. एवढ्या सोहळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि विचारूही नये, कारण अशा वेळी अभद्र बोलायचं नसतं. ही गाडी मेल्यावर तिचं करायचं काय?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. हमरस्ता सोडून आत वळलं की ते एखाद्या भिंतीला टेकून उभं असतं. आमच्या गल्लीतलं उत्तर म्हणजे एक काळीपिवळी जीप. एसटी चुकली की सोलापूरचे पंचेचाळीस किलोमीटर लोक काळीपिवळीत मांडीवर मांडी ठेवून काढायचे, त्या काळातली ही. आत सोळा माणसं, टपावर तीन, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे, आणि ड्रायव्हरच निम्मा बाहेर. तिनं किती जणांना दर्शन घडवलं याचा हिशेब आईलाच ठाऊक. आता पिवळा रंग टपावर तेवढा उरलाय, आणि पुढच्या काचेवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ ही अक्षरं. त्या अक्षरांमुळं तिला हात लावायला कुणी धजत नाही. एका भंगारवाल्यानं नुसता टायर पायानं दाबून बघितला, तर शेजारच्या आज्जींनी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत हाकलत नेलं.

निद्रेचं शास्त्र तुळजापूरकरांना वेगळं सांगायला नको. आमची देवी चल मूर्ती. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रा घेते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. गाड्याही याच तीन निद्रा घेतात. क्रम तेवढा आपापला. आधी श्रमनिद्रा. ‘इंजिन जरा तापलंय, दोन दिवस थांबू द्या.’ मग मोहनिद्रा, आणि ती गाडीपेक्षा मालकाला जास्त लागते. ‘गिऱ्हाईक आलं होतं, पण चाळीसच म्हणालं. एवढ्यात कशी द्यायची? तिच्यावर घर उभं राहिलंय.’ शेवटी घोरनिद्रा. मालक पोराकडं पुण्याला जातो, किल्ली कुठल्या तरी डब्यात हरवते, चाकं हवा सोडून मातीत बसतात. देवीच्या निद्रेची सांगता पंचांगात ठरलेली असते. गाडीला उठवायची तिथी कुठल्याच पंचांगात नाही.

तोवर गल्ली तिच्याशी जुळवून घेते. उन्हाळ्यात बॉनेटवर सांडगे वाळतात. काळ्या पत्र्यावर ते एका दिवसात खडखडीत होतात, असं जाणत्या बायकांचं मत आहे. सीटखाली कोंबडी खुडूक बसते. गल्लीतली निम्मी पोरं त्याच स्टिअरिंगवर गाडी शिकली, आणि त्यातल्या एकानं तर ती इतक्या वेळा मुंबईला नेऊन आणलीय की प्रत्यक्ष मुंबई बघून त्याची निराशा झाली. निवडणुकीत दोन्ही बाजूंचे उमेदवार एकाच दारावर गुण्यागोविंदानं हसत असतात. पावसाळा आला की मात्र सुट्या टायरांत पाणी साचतं आणि आरोग्य विभागाची बाई टॉर्च मारून अळ्या शोधते. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. आपल्या बेवारस टायराइतकी निवांत जागा त्याला दुसरी मिळत नाही.

गाडी हटवायचा खर्च कुणी करायचा, असा वाद निघाला की लोक असं बोलतात जणू अजून कुणी खर्च केलेलाच नाही. तो तर रोज चालू आहे. दुधाची कॅन घेऊन अंग चोरत जाणारा माणूस देतो, तापलेल्या पोराला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत पळणारी आई देते, टँकर आत येत नाही म्हणून पन्नास पावलं जास्त घागर वाहणारी सून देते. पावती फाडत नाहीत म्हणून तो खर्च दिसत नाही, एवढंच.

कायद्याला विचारलं तर त्याचं उत्तर झटपट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ वाऱ्यावर सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि ओढून नेण्याचा सगळा खर्च मालकाचा. दंड असेल तर तो वेगळा. वाचून मी जरा दचकलो. दहा तास! नवरात्रात गर्दीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेतच दहा तास निघू शकतात. त्या हिशेबानं रांगेतल्या निम्म्या भक्तांच्या गाड्या कायद्याच्या दारात उभ्या. त्याच कायद्याचं कलम ५५ तर आणखी हळवं आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं चौदा दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी बुक परत करायचं. माणूस गेला तर नोंदीला एकवीस दिवसांची सवड, गाडी गेली तर चौदाच. माणूस आपण चौदाव्याच्या आत नोंदवतो. गाडीसाठी मात्र चौदा वर्षांतही कुणी त्या खिडकीशी जात नाही, कारण ती मेली हे मान्य करायला घरात कुणी तयार नसतं.

आमच्या जीपसाठी चार जणांनी मिळून अर्ज केला. पहिल्या खिडकीनं विचारलं, ‘रस्ता अडतोय का?’ आम्ही ‘हो’ म्हणालो, तशी दुसरी खिडकी दाखवली. दुसरीनं विचारलं, ‘चोरीची आहे का?’ आम्ही ‘नाही’ म्हणालो. तिथं आमचा प्रामाणिकपणाच आडवा आला. तिसरीनं मालकाचं नाव विचारलं. मालक वारलेले, कर्जाचा बोजा अजून कागदावर, ते कर्ज देणारी पेढी त्यांच्याही आधी गेलेली. मग वारस शोधले. बेवारस गाडीला वारस नसतात हा गैरसमज आहे. वारस जास्त झाले की गाडी बेवारस होते. थोरला म्हणाला, ‘आण्णांची गाडी धाकट्यानं वापरली, त्यानं बघावं.’ धाकटा म्हणाला, ‘सह्या तिघांच्या लागत्यात मालक, मी एकटा काय करू?’ बहीण म्हणाली, ‘मला जमिनीत विचारलं नाही, आता गाडीत कशाला विचारता?’ क्रेनच्या भाड्याचा विषय निघाला तेव्हा जीप कुणाचीच नव्हती. पुढच्या आठवड्यात एक भंगारवाला रोख रक्कम बोलला, आणि संध्याकाळपर्यंत तिचे पाच मालक हजर.

या पाच जणांवर हसून झालं की त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. गाडी थांबते तेव्हा तिच्यात बॅटरी असते, चाकं असतात, इंजिन असतं. त्या दिवशी ती स्वतःच्या उचलीचा खर्च स्वतः भागवून वर चार पैसे हातात ठेवू शकते. पहिल्या पावसाळ्यात बॅटरी जाते, मग एकेका रात्री एकेक चाक, मग रेडिएटर, मग ज्याला जे सुटं होईल ते. शेवटी उरतो गंजका सांगाडा, ज्याचं लोखंड क्रेनच्या भाड्याला पुरत नाही. म्हणजे कुणी पैसे द्यायचे याइतकंच केव्हा द्यायचे हेही महत्त्वाचं. लवकर हलवली तर गाडीच देते, उशीर केला तर गाव देतं.

आणि मालकानं द्यावे म्हणणंही दिसतं तितकं सोपं नाही. काळीपिवळीवाल्याची गाडी का थांबली? डिझेल वाढलं, धंदा बसला, पासिंगला पैसे नव्हते. ज्याच्या हातात पैसा असतो तो गाडी विकून नवी घेतो. ज्याच्या हातात नसतो त्याचीच गाडी दारात मरते. त्याला क्रेनचं बिल पाठवणं कायद्यात बसतं, पण वसुलीला गेलेला माणूस चहा पिऊन परत येतो.

गावाच्या दुसऱ्या टोकाला सरकारचंही असंच भिजत घोंगडं असतं. महाराष्ट्रातलं कुठलंही पोलीस ठाणं घ्या, आवारात मुद्देमालाच्या गाड्यांचं रान माजलेलं. काही चोरीच्या, काही अपघातातल्या, काही नुसत्याच कुणी न नेलेल्या. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट बजावलं की जप्त गाड्या ठाण्यात कुजवत ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, मालकाला द्या, कुणी येत नसेल तर लिलाव करा. मुंबईत मुलुंडच्या एका सोसायटीला मात्र दारासमोर साचलेल्या अशाच गाड्यांसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. गंजक्या सांगाड्यावरचा चॅसी नंबर घासूनपुसून मालकाचा माग काढणारी माणसंही आपल्याकडं आहेत. मावळातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था पोलिसांना हेच काम करून देते. हरवलेल्या माणसाचा फोन आला तर घरचे रडतात. हरवलेल्या गाडीचा फोन आला की पलीकडून आधी विचारत असतील, ‘दंड किती झालाय?’

जपान्यांनी या सगळ्यावर एक साधी युक्ती काढली. २००५ पासून तिथं नवी गाडी घेतानाच तिच्या शेवटच्या विल्हेवाटीचे पैसे भरून घेतात. युरोपनं २००० साली गाडी परत घेण्याचं ओझं कारखानदारावर टाकलं. आपल्याकडंही १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झालेत आणि त्यात गाडी बनवणाऱ्यावर जबाबदारी आली. अधिकृत केंद्रात जुनी गाडी मोडीत काढली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची सोय केंद्रानं २०२१ मध्येच करून ठेवली. कागदावर रस्ता तयार आहे. आमच्या गल्लीपासून तिथपर्यंत गाडी ढकलत न्यायला चार माणसं कमी पडतात.

खरं म्हणजे हे शिकायला तुळजापूरकरांना जपानला जायची गरज नव्हती. दसऱ्याला देवी ज्या पालखीत बसून सीमोल्लंघन करते ती दर वर्षी नवी, अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. श्रमनिद्रेचा पलंग आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावहून. वाटेतल्या गावांचे मान ठरलेले, खांदे ठरलेले, मुक्काम ठरलेले. काम झालं की जुनं होमाच्या स्वाधीन करायचं, अशी परंपरा सांगतात. एवढ्या मोठ्या देवीची पालखी, पण ‘आठवण म्हणून राहू दे’ म्हणून कुणी ती महाद्वाराशी उभी करून ठेवलेली नाही. आणायचा मान असतो तसाच निरोपाचाही विधी असतो, आणि तो पालखी यायच्या आधीपासून ठरलेला असतो.

आपल्या पूजेतही आवाहन असेल तिथं विसर्जन असतं. लाडका गणपतीसुद्धा आपण दहा दिवसांनी पाण्यात सोडतो. गाडीच्या पूजेतच नेमकी उत्तरपूजा राहून गेली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्या दिवशी नारळ फुटतो, खिशात हात जातो आणि मन मोठं असतं, त्याच दिवशी थोडी रक्कम बाजूला काढून घ्यावी. जो कुणी शेवटी गाडी मोडीत घालून प्रमाणपत्र आणेल, त्याला ती व्याजासकट मिळावी. मग तिन्ही वारस पहाटे पाचला क्रेन घेऊन गल्लीत येतील आणि सह्यांसाठी भांडतील, पण उलट्या दिशेनं. आज ज्या गाड्या उभ्याच आहेत त्यांच्यासाठी लिलावाच्या पैशातून आधी क्रेनवाल्याचं भागवावं. कमी पडेल ते गावानं एकदाचं घालावं आणि ऐपत असलेल्या मालकाच्या पुढच्या गाडीवर बोजा म्हणून चढवावं.

ही योजना मी गाड्यांच्या पूजा सांगणाऱ्या एका गुरुजींपुढं मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मी म्हणालो, ‘गुरुजी, संकल्पात एक ओळ वाढवा, आणि जुन्या गाड्यांची उत्तरपूजाही सुरू करा. फक्त गणपतीसारखं पुढच्या वर्षी लवकर या, असं तिला म्हणायचं नाही.’

गुरुजींनी पानसुपारी गोळा करत मान डोलावली. ‘करू की. शास्त्राला काही अडचण नाही. दक्षिणा तिघा भावंडांपैकी कोण देणार, तेवढं आधी ठरवून या.’