बेकार व्हायचंय? आधी पात्र व्हा!

नोकरी लागायला ओळख लागते, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नोकरी गेल्यावर सरकारदरबारी 'बेकार' म्हणवून घ्यायला मात्र आमदाराची चिठ्ठीही पुरत नाही. तिथे विमा क्रमांक लागतो.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ पासून आहे. विमा किमान दोन वर्षांचा, काम सुटण्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. गैरवर्तनाबद्दल काढलेलं नको, स्वेच्छानिवृत्ती नको. एवढं जुळलं तर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ४०० रुपये रोज पडत असेल, तर सगळे मिळून १८,००० रुपये. तेही जन्मात एकदाच. नव्वद दिवस वापरून झाल्यावर पुन्हा काम सुटलं, तर ती तुमची हौस!

सुरुवातीची मौज तर और होती. निम्मा नव्हे, पाव रोज. तीन महिने रिकामं बसल्याशिवाय दावा नाही. आणि अर्ज पुढे पाठवणार कोण? ज्याने काढलं, तोच मालक! २०२० साली टाळेबंदीत कारखान्यांची धुराडी थंडावली, तेव्हा कुठे दर दुप्पट झाला, तीन महिन्यांचे ३० दिवस झाले आणि कामगाराला थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली.

पण अर्ज करायला आधी कागदोपत्री कामावर असावं लागतं. समजा, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला एक हेल्पर ऑफिसात गेला. सहा वर्षं मशीनवर, पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगार रोख पाकिटात. तो विचारणार, "साहेब, मनं काम सुटनं, माले पैसा काबर भेटस नही?" साहेब म्हणणार, "काम सुटलं खरं, पण तू कामावर होतास कधी?" आता वही ठेकेदाराच्या डिकीत आणि ठेकेदाराचा फोन स्विच ऑफ.

जिनिंगवाल्याचं तर विचारूच नका. खान्देशात कापूस पिकतो, म्हणून जिनिंग चालतं. कापूस संपला की कामगार घरी. दरवर्षी हमखास बेकार होणारा एवढा खात्रीचा माणूस दुसरा कोण? पण विमा कायद्यातून 'हंगामी कारखाने' वगळलेले, आणि त्या व्याख्येत सरकी काढण्याचा कारखाना नाव घेऊन बसवलाय. गूळ-साखर, भुईमूग फोडणं आणि नीळही त्याच यादीत. निळीचे कारखाने बहुतेक इतिहासजमा झाले. यादीतली नीळ अजून ताजी आहे.

एका बाबतीत मात्र ही अटल योजना कामगारांच्याच जातीची निघाली. तिला दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून घेतलं होतं. मुदत संपली, वाढली. पुन्हा संपली, पुन्हा वाढली. कायम करण्याचं नाव कुणी काढत नाही. आमचे कंत्राटी कामगार तिच्याकडे पाहून म्हणत असतील, "बाई, तू बी आमनीच!"

तेव्हा काम आहे तोवरच पगाराची पावती मागा. विम्यापोटी तुमचा पाऊण टक्का कापला जातोय का, मालकाचे सव्वातीन टक्के भरले जातायत का, ते पोर्टलवर तपासा. पावतीच मिळत नसेल, तर चार जण मिळून ठेकेदाराला गाठा, आणि तेही आजच, कारण काम सुटल्यावर तो फोन उचलत नाही.