दहा फुटांवरचे नातेवाईक

मामांच्या घडीच्या कॅमेऱ्याचं फोकस १० फुटांवर अडकलं ते अडकलंच. त्यामुळे आमच्या अल्बमवरून कोण कुणाच्या जवळचं होतं हे कळत नाही; कॅमेऱ्यापासून १० फुटांवर कोण होतं, एवढं मात्र लख्ख कळतं. काकू रेखीव, काका धूसर. (काका एरवीही तसेच होते, पण तो दोष भिंगाचा नव्हे.)

कॅमेरा जर्मन, १९५० च्या दशकातला. शटर अजून टकाटक चालतं. दगा दिला तो ग्रीसने. त्यातलं तेल आटतं, उरलेला राप पितळेतल्या तांब्याशी संसार थाटतो आणि आट्यांत हिरवी चिक्की जमते.

घरात उपायांना तोटा नव्हता. खोबरेल सोडा, उन्हात ठेवा. शेजारच्या आजोबांनी तर "लाव रे जोर, जर्मन माल आहे!" असा धीर दिला. जोर लावला की यश येतं, हीच पंचाईत. डेनिस टेलरने १८९३ साली तीन भिंगांची रचना केली, तिच्याच वंशातलं हे भिंग. फोकस करताना एकटं पुढचं भिंग फिरायला हवं. ते मधल्याला चिकटलेलं असलं, की जाताना त्यालाही घेऊन जातं. आपण "सुटलं!" म्हणून ओरडतो, सुटलेलं असतं भलतंच.

खरा उपाय कंटाळवाणा. कड्याचे तीन चिमुकले स्क्रू सैल करून कडं काढायचं. चिकटलेली जोडी लायटरच्या पेट्रोलात भिजत घालायची, खिडक्या उघड्या ठेवून. पेट्रोल पार उडालं की हेअर ड्रायरची ऊब द्यायची. दोन्ही एकदम केलंत तर पुढचा फोटो विमा कंपनीवाले काढतील. मग कुकरची जुनी रिंग गुंडाळून पिळायचं. नाही सुटलं, पुन्हा भिजवायचं. एव्हाना घराला पेट्रोल पंपाचा वास येतो आणि हेअर ड्रायर कुणी नेला याची चौकशी बसते. केव्हातरी 'कट्' होतं, आणि आट्यांतून शेवाळी चिकटा निघतो.

पुढे अनंत कुठे ते ठरवायचं. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणायचा, शटर उघडं ठेवायचं आणि लांबच्या पाण्याच्या टाकीची कड स्वच्छ दिसेपर्यंत भिंग फिरवायचं. मग कड्यावरचा आडवा आठ खुणेवर आणून स्क्रू आवळायचे. आमच्या कॉलनीत अनंत म्हणजे पाण्याची टाकी, आणि तीही कागदावर उलटी.

कडं आता एका बोटाने फिरतं. १२० चा रोल मिळतो, पण महाग, आणि त्यात फोटो येतात १२. फोटो काढायला बोलावणार असाल, तर डोळे मिटणाऱ्या मंडळींना आधीच जेवायला बसवा.