किल्ल्यांचा खुळखुळाट

सुट्टी लागली की माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. दूधवाल्याला निरोप जातो, पेपर बंद होतो, गॅसचा कॉक दोनदा पाहिला जातो. सगळ्याची सोय लागते. आणि कुलूप लावता लावता कुणीतरी म्हणतं, अरे, याचं काय?

हा म्हणजे कुत्रा. तीन दिवस बॅगेभोवती घुटमळतोय. तुम्ही निघालात हे त्याला कधीच कळलंय. तो मागे राहणार, हे तुम्हाला आत्ता आठवलं.

गेल्या मे महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावर हेच झालं. घरचे कोकणात, शेजारचा मुलगा दोन वेळा वाटी भरून जाणार. पहिल्याच रात्री कुत्रा विव्हळायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस. तक्रारी सगळ्यांनी केल्या, खाली उतरून पाहिलं कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दार उघडलं. दाराच्या तळाशी नखांचे ओरखडे, वाटीतलं खाणं तसंच. आणि स्टँडवरून ओढून काढलेली मालकाची एक चप्पल त्याच्या पोटाशी. चावलेली नव्हती.

तिला मालकाचा वास होता.

म्हणून निघताना अंगावरून काढलेला, न धुतलेला टी-शर्ट त्याच्या गादीवर ठेवा. धुतलेली चादर घालून जाऊ नका. स्वच्छतेचं कौतुक आपल्याला, त्याला नाही.

टी-शर्ट ठेवला की झालं? नाही. एकटं राहणं शिकवावं लागतं. किल्ल्या खुळखुळल्या की त्याच्या पोटात गोळा येतो ना? मग किल्ल्या उचला आणि खुर्चीतच बसून राहा. चपला घाला आणि स्वयंपाकघरात जा. दाराबाहेर अर्धं मिनिट थांबा, परत या. मग दोन मिनिटं, मग दहा. तो घाबरायच्या आत परतायचं, एवढंच सूत्र. याला काही आठवडे लागतात. रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढायला जमतंच की!

परतल्यावर फाटकी उशी दिसते आणि कान पिळला जातो. ‘बघा, चेहऱ्यावरच लिहिलंय!’ काय लिहिलंय? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये हे तपासून पाहिलं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, ते कुत्रेही मालक रागावला की तसाच चेहरा करत होते. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ते आपल्या आवाजाला दिलेलं उत्तर असतं.

काही जण सोपा उपाय विचारतात: झोपेची गोळी देऊ का? माणसाची गोळी जनावराला मुळीच नको. साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. औषध लागलंच तर ते पशुवैद्याने ठरवावं, घरातल्या औषधांच्या डब्याने नव्हे.

मांजराचं काय, ते राहतं आपलं आपण? नाही राहत. मुक्काम हलवलेला त्याला सोसत नाही, म्हणून त्याला घरीच ठेवणं बरं. पण रोज कुणीतरी डोकावायलाच हवं. लठ्ठ मांजराने चार दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. कपाटाखाली गप्प बसलेलं मांजर शांत असतंच असं नाही.

माशांचं उलट. शेजारणीच्या हातात खाद्याचा डबा दिला की ती मायेने मूठभर टाकते. उरलेलं कुजतं, पाणी नासतं, मासे मरतात. रोजची एकेक पुडी बांधून द्या. डबा मात्र कपाटात ठेवून कुलूप लावा.

कायदा आहे का? आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, 1960 चा. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने न फिरवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात आज त्याच्या बिस्किटांचा पुडाही येत नाही.

तेव्हा कायद्याची वाट पाहू नका. आणलंत ना त्याला घरी? मग तुम्ही नसताना त्याचा दिवस कसा जाईल, तेही तुम्हीच पाहायचं.

खालच्या मजल्यावर यंदा मार्चपासून एक आवाज ऐकतोय. किल्ल्या खुळखुळतात, दार लागतं, दोन मिनिटांनी पुन्हा उघडतं. गेल्या आठवड्यात ते अर्ध्या तासाने उघडलं. मधे एकदाही विव्हळणं नाही. जिन्यात मालक भेटले, तेव्हा विचारलं, ‘यंदा कोकणात कधी?’

म्हणाले, ‘अजून तिकीट काढलं नाही. आधी त्याला जमू दे.’